बेहेड्यापासून अंदाजपत्रकापर्यंत : मुंबई शहराच्या वार्षिक जमाखर्चाची मंजुरी

१. वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज आगाऊ बांधावयाचा, तो दुसऱ्या कोणीं तरी तपासून मान्य करावयाचा, आणि वर्ष सरल्यावर प्रत्यक्ष जमाखर्च त्या अंदाजाशीं ताडून पाहावयाचा, ही पद्धत इंग्रजांनीं या देशांत आणली असा एक समज रूढ आहे. मुंबई म्युनिसिपालिटीच्या इतिहासाचे लेखक १८६५ किंवा १८७२ सालाकडे विशेष लक्ष देतात. मराठी दप्तरांचे अभ्यासक बहुधा १८१८ सालीं थांबतात. त्यामुळें दोहोंतील साम्य सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत हीं दोन टोकें जवळ ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे. पेशव्यांच्या बेहेड्यांतून मुंबईचें अंदाजपत्रक निघालें असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचा उगम विलायती कायद्यांत आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोन्ही ठिकाणीं राज्यकर्त्यांस एकच प्रश्न सोडवावा लागला. ज्याच्या हातानें खर्च व्हावयाचा त्याच्याच हातानें खर्चाचा अंदाज मंजूर होऊं नये, याची तजवीज कशी करावी, हा तो प्रश्न होय. ही तजवीज जोंवर टिकली तोंवर हिशेब टिकला. ती मोडली तेव्हां हिशेबाची शिस्तही गेली.

२. प्रथम शब्दांचा खुलासा करणें अवश्य आहे. मोडी कागदांत अंदाजास 'आजमास' हा फारशी वळणाचा शब्द येतो. एखाद्या महालाच्या वर्षाच्या जमेचा व खर्चाचा जो आजमास हुजुरांतून ठरवून देत, त्याच्या कागदास 'बेहेडा' (कोठें कोठें 'बेहडा') म्हणत. वर्ष पुरें झाल्यावर प्रत्यक्ष वसूल, खर्च व बाकी यांचा जो मेळ घालीत तो 'ताळेबंद'. रोजची नोंद रोजकीर्दींत होई, आणि तींतून खात्यावार उतारा खतावणींत जाई. बेहेडा व ताळेबंद या दोन्ही कागदांत जमा व खर्च हीं सदरें असतात, म्हणून रुमालांची यादी करतांना एकास दुसऱ्याचें नांव पडण्याचा संभव असतो. परंतु दोहोंचें कार्य अगदीं वेगळें आहे. बेहेडा हा वर्षाच्या आरंभींचा करार; ताळेबंद ही वर्षाच्या शेवटची कबुली. एकाच महालाचे एकाच सालचे हे दोन्ही कागद जेथें सांपडतील तेथें त्या महालाचा कारभार कसा चालला होता तें कळेल. दोहोंपैकीं एकच सांपडल्यास निम्मीच हकीकत हातीं येते.

३. हे कागद कोठें तयार होत, तें पाहूं. पुण्याच्या हुजूर दप्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालतें दप्तर व दुसरें एकबेरीज दप्तर. चालतें दप्तर फडणिसांच्या देखरेखीखालीं असे, आणि त्याच्या फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा होत्या. फडांतून सनदा व हुकूम निघत. सरंजामाच्या शाखेंत लष्करी नेमणुकींचे हिशेब राहत. आणि बेहेड्याच्या शाखेंत महालोमहालचे हिशेब घेऊन त्यांवरून जमाखर्चाचे अंदाज बांधीत. एकबेरीज दप्तर कायमचें पुण्यांत असे. सर्व खात्यांचे हिशेब शेवटीं तेथें येत, व त्यांवरून साऱ्या राज्याच्या जमा, खर्च व बाकी यांचे एकत्र तक्ते तयार होत. नाना फडणिसांच्या कारकीर्दींत या दप्तरांत सुमारें २०० कारकून काम करीत, यावरून त्याच्या विस्ताराची कल्पना येते. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, अंदाज बांधण्यास मागील हिशेबाचाच आधार होता. ज्या महालाचा मागचा ताळेबंद हुजुरांत पोंचला नाहीं, त्याचा पुढचा बेहेडा नीट बांधतां येत नसे. दप्तर जपणें हें त्या काळीं केवळ स्मरणाचें काम नव्हतें. तो पुढील वर्षाच्या अंदाजाचा पाया होता.

४. मुलखांत ही व्यवस्था कशी चाले, याचें वर्णन माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयींच्या आपल्या अहवालांत केलें आहे, व मराठी कागदांवरूनही तें जुळवितां येतें. सालाच्या आरंभीं मामलेदारास त्याच्या मुलखाच्या अपेक्षित जमेचा अंदाज हुजुरांतून मिळे. वसुलाच्या भरवशावर कांहीं रक्कम त्यानें सरकारांत आगाऊ भरावयाची, तीस 'रसद' म्हणत. शिबंदी, देवस्थानें, नेमणुका व 'सादिलवार' म्हणजे कचेरीचा किरकोळ खर्च यांच्या रकमा ठरलेल्या असत. मामलेदाराबरोबर दरकदार असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस. मुजुमदारानें पाहिल्यावांचून हिशेब फडणिसाकडे जात नसे. फडणीस कागदांवर तारीख घाली व रोजकीर्द ठेवी. दप्तरदार रोजकीर्दीवरून खतावणी करी व महिन्याचा गोषवारा हुजुरांत पाठवी. पोतनिसाकडे वसूल व शिल्लक यांचा हिशेब असे, आणि पोतदार नाणें पारखी. या दरकदारांस मामलेदारानें आपल्या मर्जीनें काढून टाकावें असा अधिकार त्यास नव्हता. म्हणजे खर्च करणारा एक, नोंद करणारा दुसरा, तपासणारा तिसरा व मंजुरी देणारा हुजूर चौथा, अशी ही मांडणी होती.

५. या मांडणींतून चोरी होत नसे असें मात्र समजूं नये. जमा लपविणें, खोटे खर्च घालणें, गणतींत माणसें जास्त दाखविणें, नेमणुका पोंचत्या न करणें, या मामलेदारांच्या युक्त्या एल्फिन्स्टननें नमूद केल्या आहेत, आणि हुजुरांतील कारभाऱ्यांस गुप्तपणें जी रक्कम पोंचे तिला 'अंतस्थ' हें नांवच पडून गेलें होतें. आणखी एक मोठी उणीव ही कीं, ज्या रयतेच्या पैशावर हा सारा हिशेब उभा होता, तिला बेहेड्याच्या मंजुरींत कसलाही शब्द नव्हता. तथापि चोरी उघडकीस आणण्याचें साधन कागदांत होतें, व तें हुजुरांतील जागरूक माणसाच्या हातीं उपयोगी पडे.

६. मुंबईच्या वाचकांस ही हकीकत दूरच्या मुलखाची वाटेल, म्हणून भूगोल सांगितला पाहिजे. मुंबई बेट मराठ्यांच्या अमलाखालीं कधींच आलें नाहीं. परंतु दादरच्या उत्तरेस माहीमची खाडी ओलांडली कीं वांद्रें लागतें, आणि वांद्रें हें साष्टींतलें. १७३७ सालीं ठाणें व साष्टी मराठ्यांनीं घेतली, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, आणि डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत साष्टीवर पेशव्यांचा अंमल होता. म्हणजे सुमारें ३७ वर्षें खाडीच्या एका कांठावर मोडींत जमाखर्च मांडला जात होता आणि दुसऱ्या कांठावर कंपनीचे इंग्रजी वह्यांत. साष्टीचे कागद ज्यांच्या हातीं येतील त्यांच्यासाठीं सालाचा एक खुलासा करतों. बेहेड्यावर सुहूर सन असतो व वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभापासून, धरतात. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे सुहूर ११७४, इ. स. १७७३-७४, साष्टींतील पेशव्यांच्या अमलाचें हें शेवटचें पुरें साल. पुढचें 'खमस सबैन' साल अर्धें सरलें असतांना ठाणें गेलें. म्हणून त्या सालचा बेहेडा कोणास मिळाल्यास त्याच्या जोडीचा पुरा ताळेबंद मिळण्याची आशा बाळगूं नये. अंदाज बांधला, पण हिशेब घेणारा धनी वर्षाच्या मध्येंच बदलला, अशी ती स्थिति होती.

७. बेहेड्याची पद्धत मोडली ती दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं. त्यानें महाल मक्त्यानें देण्याचा प्रघात वाढविला. जो जास्त बोली करील त्याच्या हातीं मामला. हा फरक हिशेबाच्या दृष्टीनें मूलगामी आहे. मक्तेदारानें ठरीव रक्कम भरली कीं सरकारचें काम झालें; त्यानें रयतेपासून किती घेतलें व कशावर खर्चिलें, याची विचारपूस करण्याचें सरकारास कारण उरलें नाहीं. जेथें विचारपूस नाहीं तेथें आजमासही नको व ताळेबंदही नको. हुजूर दप्तराची हेळसांड याच काळांत झाली, आणि त्याचा परिणाम संशोधकांस आजही जाणवतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ४५ खंडांत कागद निवडून छापले, त्या दप्तराच्या मूळ सांठ्यांत आधींच्या कारकीर्दींचे हिशेब जितके सलग लागतात तितके या शेवटच्या कारकीर्दीचे लागत नाहींत.

८. आतां खाडीच्या अलीकडे येऊं. १७९३ सालच्या पार्लमेंटच्या कायद्यानें इलाख्यांच्या मुख्य शहरांत जस्टिस ऑफ दि पीस नेमण्याचा, व रस्ते झाडणें, दुरुस्ती व पहारा यांसाठीं घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार मिळाला. १८४५ सालच्या कायद्यानें मुंबईंत सात जणांचें एक मंडळ नेमलें; त्यांत सीनिअर मॅजिस्ट्रेट व कलेक्टर यांखेरीज जस्टिसांनीं निवडलेले दोन युरोपियन व तीन एतद्देशीय होते. १८५८ सालीं तें मंडळ जाऊन तीन कमिशनर आले. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं निघालें, तें या तिघांच्या कारभाराच्या काळांत. तिघांत जबाबदारी एकाची नव्हती, आणि वाढत्या शहरास तो कारभार पुरेना. म्हणून १८६५ सालीं नवा कायदा झाला. जस्टिसांचें एक कायदेशीर मंडळ झालें, आणि अंमलबजावणीचा सर्व अधिकार सरकारनें नेमलेल्या एकाच कमिशनरच्या हातीं आला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड.

९. क्रॉफर्ड यांच्या सहा वर्षांच्या कारकीर्दींत शहर पुष्कळ सुधारलें हें निर्विवाद आहे. सफाई वाढली, रस्ते झाले, आणि १८६९ सालचें मोठें मार्केट पुढें त्यांच्याच नांवानें ओळखलें गेलें. १९९६ पूर्वींच त्यास महात्मा जोतिबा फुले यांचें नांव दिलें गेलें असलें तरी लोकांच्या तोंडीं जुनें नांव अजून आहे. परंतु हिशेबाची बाजू निराळी होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला होता, व त्या तेजींत घरांची भाडीं व जमिनीच्या किंमती चढल्या होत्या. १८६५ सालीं युद्ध थांबलें, शेअरांचा बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. घरपट्टी भाड्यावर बसते. भाडें उतरलें कीं पट्टीही उतरली पाहिजे. खर्चाची चाल मात्र तेजींतलीच राहिली. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार जस्टिसांस होता, पण ते सरकारनें नेमलेले, संख्येनें पुष्कळ, आणि हिशेबावर दर महिन्यास नजर ठेवणारें, कायद्यानें बळ दिलेलें असें लहान मंडळ त्यांच्यापाशीं नव्हतें. मंजुरी वर्षांतून एकदां व खर्च रोज, असा तो प्रकार होता. तूट वाढत गेली.

१०. १८७१ सालीं करदात्यांचा असंतोष उघड झाला. नौरोजी फर्दुनजी हे त्या चळवळीचे पुढारी होते. जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स यांनीं ठराव आणला. त्याचा रोख असा कीं, कमिशनरची एकतंत्री सत्ता काढून ती कौन्सिलच्या हातीं द्यावी. या प्रसंगीं फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरानें जें मत मांडलें तें त्या वेळीं लोकांस रुचलें नाहीं. ता. २९ नोव्हेंबर १८७१ रोजीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं वाचलेल्या निबंधाचा आशय असा होता कीं, अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाच्या हातीं असणें हा दोष नव्हे. दोष हा कीं, त्याच्यावर देखरेख करणारे लोक करदात्यांनीं निवडलेले नाहींत. सभा त्यांच्या विरुद्ध गेली, पण पुढील कायद्यांचा सांगाडा या विचाराशींच जुळला. आमच्या मतें येथें बेहेड्याची आठवण होणें साहजिक आहे. मामलेदाराच्या जागीं आठ दरकदारांची समिती बसवावी असें पुण्याच्या हुजुरास कधीं वाटलें नाहीं. मामलेदार एकच ठेवून दरकदार त्याच्या हाताबाहेर ठेवले, एवढेंच त्यांनीं केलें. मेहतांस तो दाखला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. प्रश्न एक असला म्हणजे उत्तरेंही पुष्कळदां जवळपास येतात.

११. १८७२ च्या तिसऱ्या ॲक्टानें ६४ सभासदांचें कॉर्पोरेशन स्थापिलें. त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं, व १६ सरकारनें नेमावयाचे. कॉर्पोरेशनची पहिली सभा ता. ४ सप्टेंबर १८७३ रोजीं भरली. हिशेबासाठीं १२ जणांची टाउन कौन्सिल नेमली. तींत आठ कॉर्पोरेशनचे व चार सरकारचे. कमिशनर कायम राहिला, पण त्याच्या व खजिन्याच्या मध्यें आतां एक लहान व जागतें मंडळ आलें. १८८८ च्या तिसऱ्या ॲक्टानें ही मांडणी पक्की केली. मसुदा कमिशनर ऑलिव्हंट यांच्या वेळचा. कायदे-कौन्सिलांत त्याला जो लोकाभिमुख आकार आला त्याचें श्रेय मेहता व काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांस आहे. सभासद ७२ झाले : ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांचे, १६ सरकारचे, दोन विद्यापीठाच्या फेलोंचे व दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. टाउन कौन्सिलच्या जागीं १२ जणांची स्टँडिंग कमिटी, म्हणजे आजची स्थायी समिती, आली. आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' पुढल्याच वर्षीं, १८८९ सालीं, प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संग्रहीं माडगांवकरांचें व हें अशीं दोन्ही पुस्तकें आहेत, त्यांच्यापाशीं या स्थित्यंतराच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन्ही कांठ आहेत.

१२. या कायद्यानें अंदाजपत्रकाची जी वाट आंखून दिली ती थोडक्यांत अशी. कमिशनर येत्या वर्षाच्या खर्चाचे व उत्पन्नाचे अंदाज, आणि करांच्या दरांविषयीं आपल्या सूचना, स्थायी समितीपुढें ठेवतो; आज त्याची मुदत ५ फेब्रुवारी आहे. समिती त्यांचा विचार करून अंदाजपत्रक तयार करते. वर्षाच्या शेवटीं किमान एक लाख रुपये शिल्लक राहिलीच पाहिजे अशी अट आहे. त्या काळच्या जमेंत ही रक्कम लहान नव्हती. छापील प्रती सभासदांस मिळतात. कॉर्पोरेशन प्रथम करांचे दर ठरवते, आणि मग अंदाजपत्रक आहे तसें, किंवा फेरफार करून, मान्य करते, अथवा फेरविचारासाठीं समितीकडे परत पाठवते. मंजूर नसलेल्या बाबीवर फंडांतून पैसा देतां येत नाहीं. मध्येंच जादा रक्कम लागली तर समितीची शिफारस व कॉर्पोरेशनची मान्यता हवी. उत्पन्न कमी पडूं लागलें असें दिसल्यास वर्ष संपण्याची वाट न पाहतां खर्च कमी करून किंवा कर वाढवून मेळ घातला पाहिजे, असेंही एक कलम आहे. १८६५ नंतरच्या मंदीचा अनुभव ज्यांनीं घेतला त्यांस या कलमाचें मोल सांगावें लागलें नसेल.

१३. अंदाजपत्रकाच्या भागांस जीं अक्षरें आहेत त्यांतही इतिहास दडला आहे. 'अ' हें मुख्य. 'ब' हें सुधार योजनांचें, आणि त्याचें मूळ १८९६ च्या प्लेगांत आहे. प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें गिरगांवच्या शेजारून सँडहर्स्ट रोड काढला, प्रिन्सेस स्ट्रीट काढली, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आंखीव वसाहती बसविल्या. १९३३ सालीं ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्यें विलीन झाला, तरी त्याचा हिशेब वेगळ्या अक्षराखालीं चालू राहिला. १९४७ सालीं वीज व वाहतुकीची कंपनी कॉर्पोरेशननें घेतली, तेव्हां तिच्या उपक्रमाचें अंदाजपत्रकही निराळें झालें; पाणीपुरवठा व मलनिःसारण यांचें 'ग' हें त्याहून अलीकडचें. दादरच्या हिंदु कॉलनींतील सरळ गल्ल्या, किंवा १९२६ सालीं परळास उघडलेलें केईएम रुग्णालय, यांमागें कोणत्या सालीं कोणती रक्कम मंजूर झाली, हें ज्यास शोधावयाचें असेल त्यानें हीं छापील अंदाजपत्रकेंच पाहिलीं पाहिजेत.

१४. परंतु करदाता कोण, हा प्रश्न राहतोच. १८७२ सालीं मत देण्यास वर्षाला ५० रुपये कर भरावा लागे. परळ-लालबागच्या गिरण्यांभोंवतीं ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांचा कर मालक भरी व मत त्याचें. भाडेकरू तोच कर भाड्याच्या रूपानें देई, पण मतदारांच्या यादींत त्याचें नांव नसे. हलालखोर-कर, पाणी-कर व सामान्य कर हे तिन्ही घराच्या भाड्यावर बसत, आणि गांवांत येणाऱ्या मालावरची जकात तर खाणाऱ्या-पिणाऱ्या प्रत्येकाच्या माथीं पडे. (ही जकात १ जुलै २०१७ पासून, वस्तु व सेवा कर आल्यावर, बंद झाली.) १९२२ सालीं दरमहा १० रुपये भाडें देणाऱ्यास मत मिळालें. गिरगांवच्या चाळींतील पुष्कळ कारकून व शिक्षक त्यामुळें यादींत आले. गिरणीकामगाराच्या एका खोलीचें भाडें मात्र सामान्यतः त्याहून कमी असल्यानें तो बाहेरच राहिला. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानावर झाली, तेव्हां लालबागच्या खोलींतील माणूस शहराच्या अंदाजपत्रकाच्या मंजुरींत, आपल्या नगरसेवकाच्या द्वारें कां होईना, प्रथम सहभागी झाला. बेहेड्यांत रयतेस जो शब्द नव्हता, तो मुंबईंत १८७२ पासून ७६ वर्षांत पायरीपायरीनें मिळाला.

१५. हा इतिहास संपलेला नाहीं. ता. ७ मार्च २०२२ रोजीं महापालिकेची मुदत संपली व निवडणूक लांबली. त्या काळांत प्रशासक म्हणून आयुक्तच काम पाहत. २०२३-२४ चें ५२,६१९ कोटी रुपयांचें, २०२४-२५ चें ५९,९५४ कोटींचें व २०२५-२६ चें ७४,४२७ कोटींचें, अशीं तीन अंदाजपत्रकें आयुक्तांच्या हाताखालीं तयार झालीं, आणि प्रशासक या नात्यानें आयुक्तांसच सादर होऊन मंजूर झालीं. ही व्यवस्था कायद्यानें केलेली होती, व तींत कोणा अधिकाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या एका गोष्टीसाठीं १८७१ सालीं भांडण झालें, म्हणजे मांडणारा व मान्य करणारा निराळा असावा, ती गोष्ट जवळजवळ चार वर्षें स्थगित होती, हें इतिहासानें नोंदलें पाहिजे. जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होऊन हा खंड संपला.

१६. शेवटीं संग्राहकांस एक विनंती. अंदाजपत्रकाच्या इतिहासास तीन कागद लागतात : अंदाज, मंजुरीची चर्चा व अखेरचा हिशेब. पेशवाईच्या बाबतींत पहिला व तिसरा, म्हणजे बेहेडा व ताळेबंद, मिळूं शकतात. मंजुरी देतांना हुजुरांत काय बोलणें झालें तें बहुधा कागदावर आलेंच नाहीं. मुंबईच्या बाबतींत तिन्ही छापले गेले. छापील असल्यामुळेंच त्यांकडे दुर्लक्ष होतें. मोडीचा फाटका बंद आपण कापडांत बांधून ठेवतों आणि कॉर्पोरेशनच्या सभेचा जुना छापील वृत्तांत रद्दींत जातो. गिरगांव, परळ, लालबाग येथील जुन्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत, आणि घर रिकामें करतांना माळ्यावरचे कागद प्रथम जातात. जुन्या नगरसेवकांच्या घरीं समासांत टिपणें केलेलीं अंदाजपत्रकें असण्याचा संभव आहे. त्या टिपणांत एखाद्या बाबीस हरकत कां घेतली, तें समजूं शकेल. अशा प्रती कोणास दिसल्यास त्यांनीं त्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे किंवा राज्य पुराभिलेखागाराकडे पोंचत्या कराव्या, आणि निदान साल, वॉर्ड व पूर्वीच्या धन्याचा हुद्दा यांची नोंद करून ठेवावी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे महालांचे हिशेब आज सलग लागत नाहींत, याची हळहळ आपण करतों. मुंबईच्या हिशेबांची तीच गत होऊं न देणें हें अजून आपल्या हातीं आहे.